ईएसपी३२ची फ्लॅश सेटिंग्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईएसपी३२ हा वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात चार गोष्टींशी गाठ पडते: फ्लॅशचा मोड, वेग, आकार आणि पार्टिशन टेबल, म्हणजे फ्लॅशची जागा कशी वाटली ते सांगणारं कोष्टक. बहुतेक जण आहे ते तसंच ठेवतात आणि बहुतेकदा निभावूनही जातं. नाही निभावलं, तर लोक वायफायचा कोड तपासतात, केबल बदलतात, पॉवर सप्लायला शिव्या घालतात. फ्लॅशकडे शेवटी वळतात. ही चार सेटिंग्ज म्हणजे तीन पक्षांतला करार आहे. एक पक्ष बोर्डावरची चिप, दुसरा बोर्डाचं वायरिंग, तिसरा तुमच्या बायनरीचं, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलचं, हेडर. तिघांपैकी एकाचं म्हणणं वेगळं पडलं की गाडी अडते.

खालचं सगळं प्रामुख्याने मूळ ईएसपी३२ आणि ईएसपी-आयडीएफ या त्याच्या अधिकृत विकाससंचाबद्दल आहे. एस३, सी३ या भावंडांचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. सोळाच्या पायातल्या आकड्यांआधी 'हेक्स' लिहिलं आहे.

मायक्रोकंट्रोलरला स्वतःची फ्लॅश असते ना? मग वेगळं सेटिंग कशाला?

एव्हीआर किंवा एसटीएम३२वरून आलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. तिथे प्रोग्रॅमची फ्लॅश सिलिकॉनमध्येच असते आणि ती कोणाची, किती पायांची, हे चिप बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. २०१६ साली बाजारात आलेल्या मूळ ईएसपी३२मध्ये ५२० केबी एसरॅम आहे, ४४८ केबी रॉम आहे, पण प्रोग्रॅमसाठी फ्लॅश नाही. मॉड्यूलच्या पत्र्याच्या टोपीखाली आठ पायांची एक वेगळी एसपीआय नॉर फ्लॅश बसवलेली असते. पिको-डी४सारख्या काही प्रकारांत ती एकाच पॅकेजमध्ये असते, पण बोलणं एसपीआयवरूनच चालतं.

कोड तिथूनच थेट चालतो. प्रोसेसरला पुढची सूचना हवी असली की कॅशे आधी स्वतःकडे बघतो, नसेल तर एसपीआयवरून फ्लॅशमधून आणतो. म्हणजे फ्लॅशचं सेटिंग चुकलं तर फक्त साठवलेली फाइल बिघडत नाही, प्रोग्रॅमच्या सूचनाच चुकीच्या वाचल्या जातात. म्हणून या चुकांची लक्षणं इतकी चित्रविचित्र असतात.

टोपीखाली कोणती चिप आहे, हे कसं कळणार?

टोपी उचकटू नका. चिपलाच विचारा. ईएसपीटूल या बोर्डावर प्रोग्रॅम टाकायच्या साधनाची फ्लॅश-आयडी ही आज्ञा चालवली की ती फ्लॅशला हेक्स ९एफ हा कमांड पाठवते आणि चिप तीन बाइट परत देते. पहिला बाइट उत्पादकाचा: ईएफ म्हणजे विनबाँड, सी८ म्हणजे गिगाडिव्हाइस, सी२ म्हणजे मॅक्रोनिक्स, ९डी म्हणजे आयएसएसआय. दुसरा बाइट चिपच्या कुळाचा. तिसऱ्यातून आकार कळतो, तोही मजेशीर पद्धतीने: हेक्स १६ म्हणजे २२, आणि दोनाचा बाविसावा घात म्हणजे ४ एमबी. हेक्स १७ असेल तर ८ एमबी, १८ असेल तर १६ एमबी. 'ईएफ ४० १६' दिसलं की समोर विनबाँडची ४ एमबीची चिप आहे असं समजा.

मॉड्यूलवरच्या छापील मजकुरापेक्षा या तीन बाइटांवर माझा जास्त विश्वास आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून पाच बोर्ड आणले, दिसायला अगदी जुळे, तरी पाचही जणांना हा प्रश्न वेगवेगळा विचारायचा. एकाच नावाच्या बोर्डात फ्लॅशचा उत्पादक बदललेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात फसवणूकच असते असं नाही, ज्या वेळी जी चिप उपलब्ध असते ती बसते.

तीनही बाइट एफएफ किंवा शून्य आले, तर चिपशी बोलणंच झालेलं नाही. मग मोड आणि वेग बदलत बसू नका. वायरिंग, व्होल्टेज किंवा सोल्डर बघा.

चिपवर ३२ लिहिलंय आणि टूल ४ एमबी म्हणतं. फसवलं का दुकानदाराने?

नाही. फ्लॅशच्या नावातला आकडा मेगाबिटमध्ये असतो. आठाने भागा.

क्यूआयओ, क्यूआउट, डीआयओ, डीआउट: यातलं मी काय निवडू?

काहीच माहीत नसेल तर डीआयओ. पण निवडण्याआधी चारही नावांमागचा अर्थ बघा, तो सोपा आहे.

क्यू म्हणजे माहिती चार तारांवरून येते, डी म्हणजे दोन. शेवटी 'आयओ' असेल तर पत्ताही तितक्याच तारांवरून जातो. 'आउट' असेल तर पत्ता जुन्या रीतीने एकाच तारेवरून जातो आणि फक्त उत्तर रुंद रस्त्याने येतं. प्रत्येकासाठी फ्लॅशचा वाचनाचा कमांड वेगळा आहे: क्यूआयओसाठी हेक्स ईबी, क्यूआउटसाठी ६बी, डीआयओसाठी बीबी, डीआउटसाठी ३बी.

दोन तारांवरून चारवर जाताना खरी मेख येते. आठ पायांच्या या चिपला चार माहितीच्या तारा पुरवायच्या तर पाय आणायचे कुठून? म्हणून राइट-प्रोटेक्ट आणि होल्ड हे दोन पाय माहितीच्या कामाला जुंपले जातात. तसं करायची परवानगी चिपच्या स्टेटस रजिस्टरमधल्या एका बिटाने मिळते, त्याला क्वाड-एनेबल म्हणतात. हा बिट विनबाँड आणि गिगाडिव्हाइसच्या नेहमीच्या चिपमध्ये दुसऱ्या स्टेटस रजिस्टरमध्ये एक क्रमांकावर असतो. मॅक्रोनिक्स आणि आयएसएसआयमध्ये तो पहिल्याच रजिस्टरमध्ये सहा क्रमांकावर असतो. एकाची रीत दुसऱ्यावर लादली तर क्वाड मोड चालू होत नाहीच, वर भलताच बिट लिहिला जाण्याची भीती असते. बूटलोडर, म्हणजे ॲपच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, उत्पादकाचा क्रमांक बघून योग्य बिट लावतो. त्याला अनोळखी चिप भेटली की मात्र त्याचा अंदाज चुकू शकतो. डीआयओमध्ये ही भानगडच नाही.

शिवाय क्वाडसाठी ते दोन पाय प्रोसेसरला जोडलेले असावे लागतात. तयार मॉड्यूलमध्ये ते असतात. स्वतःच्या पीसीबीवर कोणी ते थेट ३.३ व्होल्टला बांधून ठेवले असतील, तर मेनूत कितीही वेळा क्यूआयओ निवडलं तरी ते चालणार नाही.

डीआयओसुद्धा चालेना तर डीआउट लावून बघा. तेवढं जवळजवळ प्रत्येक चिपला जमतं.

मेनूकॉन्फिगमध्ये (ईएसपी-आयडीएफच्या सेटिंग्जच्या मेनूत) क्यूआयओ निवडलं, पण अपलोड करताना आज्ञेत डीआयओच दिसतं. हा बग आहे का?

हा बग नाही, हे मुद्दाम तसं केलं आहे.

बायनरीच्या पहिल्या चार बाइटांत सगळी ओळख असते. पहिला बाइट नेहमी हेक्स ई९. दुसऱ्यात सेगमेंट किती ते. तिसऱ्यात मोड: क्यूआयओला ०, क्यूआउटला १, डीआयओला २, डीआउटला ३. चौथ्या बाइटाचा वरचा अर्धा भाग आकार सांगतो, खालचा अर्धा वेग. ४ एमबीसाठी वर २ असतो, ८० मेगाहर्ट्झसाठी खाली एफ, ४०साठी ०. म्हणून ४ एमबी आणि ४० मेगाहर्ट्झच्या डीआयओ बायनरीचा चौथा बाइट २० दिसतो, ८०च्या बायनरीचा २एफ. हेक्स एडिटरमध्ये एकदा स्वतः उघडून बघा, पुढच्या अनेक शंका तिथेच मिटतात.

हे हेडर सर्वात आधी वाचतो तो चिपच्या रॉममधला कोड. त्याला बदलता येत नाही, आणि क्वाड-एनेबलच्या वेगवेगळ्या रीतीही त्याला ठाऊक नसतात. म्हणून त्याला सोपं, डीआयओ सांगितलं जातं. तो दुसऱ्या टप्प्याचा बूटलोडर उचलतो, आणि तो बूटलोडर चिप ओळखून क्वाड मोड चालू करतो. बूट होताना सिरियलवर येणाऱ्या ओळींमध्ये शेवटी कोणता मोड लागला ते छापलेलं असतं. खरं ते.

४० मेगाहर्ट्झ ठेवू की ८०?

कागदावरचा हिशेब असा. डीआयओ ४०वर सेकंदाला जास्तीत जास्त १० एमबी, क्यूआयओ ८०वर ४० एमबी. पत्ता पाठवायला आणि मधल्या रिकाम्या घड्याळठोक्यांना लागणारा वेळ यातून वजा होतो, तरी फरक मोठाच उरतो. पण तुमच्या प्रोग्रॅमला तो जाणवेल का, हे कॅशेवर अवलंबून आहे. चारदोन सेन्सर वाचून एमक्यूटीटीवर पाठवणाऱ्या कोडला काहीही फरक पडत नाही. रंगीत डिस्प्लेवर फाँट आणि चित्रं फ्लॅशमधून ओढणाऱ्याला स्पष्ट पडतो. आधी मोजा, मग वाढवा.

८०वर जायचं तर फक्त टेबलावर चालून भागत नाही. अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात हवेचंच तापमान पंचेचाळीसच्या घरात जातं. उन्हात टांगलेल्या बंद डब्याच्या आत ते आणखी किती चढतं, हे एक थर्मोकपल लावून बघितलं की घाम फुटतो. साधी मॉड्यूल ८५ अंशांपर्यंतची असतात, १०५ अंशांची वेगळी मागवावी लागतात. तापलेल्या बोर्डावर ८०ची परीक्षा घ्या. बाहेर लावायच्या उपकरणात, वेगाची गरज सिद्ध झालेली नसेल तर, मी ४०च ठेवतो.

आणखी एक बंधन: मूळ ईएसपी३२वर पीएसरॅम (वेगळ्या चिपमधली जादा रॅम) ८०वर चालवायची असेल तर फ्लॅशही ८०वरच लागते. उलट चालतं, म्हणजे फ्लॅश ८० आणि पीएसरॅम ४०.

अपलोड ९२१६००वर करतो, ते याच वेगाशी संबंधित आहे का?

अजिबात नाही. तो संगणक आणि बोर्ड यांच्यातल्या सिरियलचा बॉड रेट. केबल लांब असेल किंवा यूएसबीची चिप सुमार असेल तर ४६०८०० किंवा ११५२००वर या.

'फ्लॅश रीड एरर, १०००' असं अखंड छापत बोर्ड रीसेट होत राहतो. आता काय?

या पानावरचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यातला १००० हा एररचा क्रमांक नाही, पत्ता आहे. रॉम हेक्स १०००वर बूटलोडर शोधायला गेला आणि त्याला तिथे वाचण्याजोगं काही मिळालं नाही.

आधी सोपं बघा. बूटलोडर योग्य जागी टाकलाय का? मूळ ईएसपी३२चा बूटलोडर हेक्स १०००वर राहतो, पण एस३ आणि सी३चा शून्यावर. एका प्रकल्पातली आज्ञा दुसऱ्यात चिकटवली की हमखास घोळ होतो. 'इनव्हॅलिड हेडर' आणि पुढे नुसते एफ दिसत असतील तर तिथली फ्लॅश कोरी आहे, कारण पुसलेल्या फ्लॅशचा प्रत्येक बाइट एफएफ असतो. सगळं पुसून फक्त ॲप टाकलं आणि बूटलोडर विसरलात, असं बहुधा झालेलं असतं. कचरा दिसत असेल किंवा चेकसमची तक्रार असेल, तर मात्र मोड आणि वेगावर संशय घ्या. डीआयओ, मग डीआउट, आणि वेग २०पर्यंत उतरवून बघा.

इतकं करूनही सुटत नसेल तर जीपीआयओ १२कडे बघा. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या एका बोर्डावर पाय कमी पडत होते, म्हणून एका रिलेचा ड्रायव्हर मी १२वर टाकला. टेबलावर, रिले बोर्ड न जोडता, सगळं झकास. शेतावर जोडलं की बोर्ड मृत. जोडणी काढली की पुन्हा जिवंत. दोन दिवस मी पॉवर सप्लाय बदलत होतो. भानगड अशी की मूळ ईएसपी३२ सुरू होताना १२ क्रमांकाचा पाय वाचतो आणि त्यावरून फ्लॅशला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो. खाली असेल तर ३.३, वर असेल तर १.८. आत एक पुल-डाउन असतो म्हणून मोकळा पाय खालीच राहतो. माझ्या रिले बोर्डावर पुल-अप होता. ३.३ व्होल्टच्या फ्लॅशला १.८ मिळाले आणि ती गप्प बसली.

उपाय दोन. पाय बदला, हा खरा उपाय. किंवा ईएसपीईफ्यूज टूलने ईफ्यूजमध्ये, म्हणजे चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांत, फ्लॅशचं व्होल्टेज ३.३ असं कायमचं जाळून टाका, म्हणजे चिप १२कडे बघणारच नाही. ईफ्यूज एकदा जाळला की परत नाही, तेव्हा फ्लॅश खरोखर ३.३ व्होल्टची आहे याची आधी खात्री करा. मी पीसीबी आधीच छापून बसलो होतो, त्यामुळे मला दुसरा मार्ग धरावा लागला.

आकार चुकीचा दिला तर काय बिघडतं?

कमी सांगितलात तर फारसं काही नाही. चिप ८ एमबीची आणि हेडर ४ म्हणतंय, तर बूट होताना इशारा येतो आणि वरचा अर्धा भाग पडून राहतो. जास्त सांगितलात, चिप ४ची आणि हेडर ८चं, तर ईएसपी-आयडीएफ 'प्रोब फेल्ड' म्हणून तिथेच थांबतं. थांबतं हे नशीब. न थांबता चाललं असतं तर चारच्या पुढचा पत्ता गुंडाळून पुन्हा सुरुवातीकडे आला असता, आणि तुमच्या फाइल सिस्टिमने बूटलोडरच पुसला असता.

'मॅक्सिमम १३१०७२० बाइट्स' असं सांगून अर्डुइनो अडवतो. बोर्डावर तर ४ एमबी आहे!

आहे, पण ती वाटून दिलेली आहे. अर्डुइनोचं नेहमीचं टेबल ॲपसाठी सव्वा एमबीच्या दोन सारख्या जागा ठेवतं. एकीतून कोड चालतो, दुसरीत हवेतून, म्हणजे ओटीएने, आलेली नवी आवृत्ती उतरते. उरलेल्यात फाइल सिस्टिम. ओटीए नको असेल तर टूल्स मेनूतल्या पार्टिशन स्कीममध्ये 'ह्यूज ॲप' निवडा, ३ एमबी मिळतील. पण उपकरण एकदा खांबावर चढलं की ओटीए नको म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

स्वतःचं टेबल लिहिणं अवघड नाही. स्वल्पविरामांची साधी फाइल असते: नाव, प्रकार, उपप्रकार, सुरुवात, लांबी. टेबल स्वतः हेक्स ८०००वर बसतं. त्याआधीची, म्हणजे १०००पासूनची २८ केबी जागा बूटलोडरची. लॉग फार बोलका केला किंवा सिक्युअर बूट लावलं तर बूटलोडर त्यात मावत नाही आणि टेबल पुढे सरकवावं लागतं. ॲपची सुरुवात नेहमी ६४ केबीच्या पटीत हवी, कारण फ्लॅशचे पत्ते प्रोसेसरला ६४ केबीच्या पानांनी जोडून दिले जातात. सुरुवातीचा रकाना कोरा सोडलात तर टूल स्वतः मोजून घेतं. मी तोच कोरा सोडतो, हाताने हेक्स बेरजा करायचं वय गेलं.

ही सेटिंग्ज नंतर ओटीएने बदलता येतात का?

नेहमीच्या ओटीएने फक्त ॲप बदलतं. बूटलोडर आणि पार्टिशन टेबल पहिल्या दिवशी जे टाकलं तेच राहतं. ती फ्लॅशमध्येच असतात, त्यामुळे कोडने खोडून पुन्हा लिहिणं अशक्य नाही. पण त्या क्षणी वीज गेली तर उपकरण उठणार नाही, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल यावर कोणी पैज लावू नये.

म्हणून पहिली शंभर उपकरणं बाहेर पडण्याआधी पार्टिशन टेबलावर सर्वात जास्त वेळ घालवा. ॲपची जागा आजच्या बायनरीच्या दीडपट तरी ठेवा. सेटिंग्ज आणि सर्टिफिकेटसाठी थोडी मोकळी जागा राखा. कोअर डंपसाठी ६४ केबी ठेवली तर दूरच्या उपकरणाचा क्रॅश घरबसल्या वाचता येतो.

दर मिनिटाला एक रीडिंग फ्लॅशमध्ये लिहितो. चिप किती टिकेल?

तुम्ही कसं लिहिता त्यावर आहे, आणि फरक थोडाथोडका नाही.

नॉर फ्लॅशमध्ये लिहिणं म्हणजे फक्त एकाचा शून्य करणं. शून्याचा पुन्हा एक करायचा तर पुसावं लागतं, आणि पुसण्याचं सर्वात लहान माप ४ केबीचा सेक्टर. एक बाइट बदलायचा तरी अख्खा सेक्टर पुसा. विनबाँडच्या नेहमीच्या चिपला एक सेक्टर पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, वाईटात वाईट ४००. अशा चिपचा वायदा दर सेक्टरमागे १,००,००० वेळा पुसण्याचा असतो.

आता मांडा. तुम्ही एकाच सेक्टरवर दर मिनिटाला पुसून लिहीत असाल तर दिवसाला १,४४० वेळा. लाखाला १,४४०ने भागलं की ६९ दिवस. पावसाळ्यात लावलेलं उपकरण दिवाळीपर्यंत वायद्याबाहेर गेलेलं असेल.

तेच एनव्हीएस, म्हणजे ईएसपी-आयडीएफची फ्लॅशमध्ये लहान नोंदी ठेवायची सोय, वापरून केलं तर? एनव्हीएस जुन्या नोंदीला हात लावत नाही. नवी नोंद पुढच्या कोऱ्या जागेत लिहितं आणि जुनीवर फुली मारतं. ४ केबीच्या एका पानात ३२ बाइटांच्या १२६ नोंदी मावतात, पान भरलं की पुढचं पान. नेहमीच्या २४ केबीत अशी सहा पानं असतात. एक लहान आकडा साठवायला एक नोंद धरली तर एकूण ७ कोटी ५६ लाख वेळा लिहिता येतं, म्हणजे मिनिटाला एक या हिशेबाने १४३ वर्षं. हा आदर्श हिशेब झाला. एनव्हीएस इतर माहितीने गच्च भरलेलं असेल तर जागा मोकळी करताना जिवंत नोंदी पुन्हा पुन्हा उचलून ठेवाव्या लागतात आणि आयुष्य घटतं. तरी ६९ दिवसांपासून खूप लांब आलो.

त्याहून बरं, दर मिनिटाला लिहूच नका. आरटीसीच्या मेमरीत साठवा आणि तासातून एकदा लिहा. किंवा वीज जातेय हे ओळखायची सोय करा, लिहून होईपर्यंत पुरेल असा मोठा कपॅसिटर लावा आणि तेवढ्यापुरतं लिहा.

फ्लॅशवर लिहिताना मध्येच क्रॅश होतो, 'कॅशे डिसेबल्ड' असं काहीतरी म्हणतो.

कोड फ्लॅशमधूनच चालतो, हे वर सांगितलं. चिप पुसण्यात गुंतलेली असताना तिच्यातून वाचता येत नाही, म्हणून तेवढा वेळ कॅशे बंद ठेवला जातो. नेमक्या त्या वेळी आयरॅम (सूचनांसाठीची आतली रॅम) झेंडा लावून नोंदवलेला इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरने फ्लॅशमधल्या एखाद्या फंक्शनला हाक मारली, की पॅनिक. हँडलरला आयरॅमचं विशेषण लावून भागत नाही. तो ज्यांना बोलावतो ती फंक्शन्स आणि जी स्थिर कोष्टकं वाचतो तीही रॅममध्ये हवीत. लॉगची एक ओळ, एक स्ट्रिंग, तेवढंही पुरतं क्रॅशला. तातडी नसेल तर तो झेंडा काढून टाका. इंटरप्ट पुसून होईपर्यंत थांबेल, पण पडणार नाही.

फाइलींसाठी स्पिफ्स की लिटलएफएस?

नव्या कामाला लिटलएफएस. स्पिफ्समध्ये खरे फोल्डर नाहीत, आणि दिलेल्या जागेपैकी सुमारे ७५ टक्केच भरवशाने वापरता येते. भरत आलं की ते इतकं रेंगाळतं की वॉचडॉग चावतो. जुनं उपकरण स्पिफ्सवर नीट चालत असेल तर उगाच हलवू नका.

१६ एमबीपेक्षा मोठी फ्लॅश लावली. पहिल्यांदा चालू होतं, पण रीसेट दाबलं की उठत नाही.

हा आजार ईएसपीपुरता नाही, लिनक्सच्या बोर्डांनाही होतो. तीन बाइटांच्या पत्त्याने १६ एमबीच गाठता येतात. पुढे जायला चार बाइट लागतात. काही सॉफ्टवेअर हेक्स बी७ हा कमांड देऊन चिपला चार बाइटांच्या मोडमध्ये ढकलतं. मग प्रोसेसर रीसेट होतो, पण फ्लॅशची वीज काही जात नाही, ती त्याच मोडमध्ये बसून राहते. रॉम भोळेपणाने तीन बाइट पाठवतो, फ्लॅश चौथ्याची वाट बघते. वीज काढून लावली की सगळं सुरळीत, म्हणून दोष शोधायला वेळ लागतो. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये यासाठी 'ब्रोकन फ्लॅश रीसेट' नावाची नोंदच आहे.

स्वतःचा बोर्ड करत असाल तर फ्लॅशचा रीसेट पाय प्रोसेसरच्या रीसेटला बांधा. ते शक्य नसेल तर मोड न बदलता चार बाइटांचे स्वतंत्र कमांड वापरणारा ड्रायव्हर निवडा, वाचनाचा हेक्स १३ आणि लिहिण्याचा १२.

एस३च्या मॉड्यूलवर एन१६आर८ लिहिलंय. काय निवडू?

एननंतर फ्लॅशचे एमबी, आरनंतर पीएसरॅमचे. म्हणजे १६ आणि ८. त्यातली पीएसरॅम आठ तारांची (ओपीआय) असते, पण फ्लॅश चार तारांचीच. अर्डुइनोच्या मेनूत 'ओपीआय' दिसलं म्हणून फ्लॅशलाही तेच लावणारे बरेच भेटतात. बोर्ड मग उठत नाही. फ्लॅशला क्यूआयओ, पीएसरॅमला ओपीआय. आणि जीपीआयओ ३५, ३६, ३७ विसरा, ते पीएसरॅमने घेतलेत.

पुसायची आज्ञा यशस्वी म्हणते, पण जुना डेटा तिथेच आहे.

स्टेटस रजिस्टरमधले ब्लॉक-प्रोटेक्ट बिट लागलेले असणार. संरक्षित भागावर पुसण्याचा कमांड आला तर या चिप तो निमूट दुर्लक्षितात, तक्रार करत नाहीत. ईएसपीटूलने स्टेटस वाचा, ते बिट शून्य करा. क्वाड-एनेबल त्याच रजिस्टरात असेल तर तो सांभाळा.

उत्पादनाला एकच फाइल द्यायची आहे. ईएसपीटूलची फाइली एकत्र करणारी मर्ज-बिन आज्ञा वापरू?

वापरा. बूटलोडर, टेबल आणि ॲप तीन पत्त्यांवर टाकायला सांगितलं की कोणीतरी कधीतरी एक पत्ता चुकवतोच. फक्त एक लक्षात ठेवा: एकत्र केलेल्या फाइलमधल्या मोकळ्या जागा एफएफने भरलेल्या असतात, आणि एनव्हीएस नेमकं तशाच मोकळ्या जागेत येतं. दुरुस्तीला आलेल्या उपकरणावर तीच फाइल टाकलीत तर त्याचा सिरियल नंबर आणि कॅलिब्रेशन गेलं म्हणून समजा. दुरुस्तीच्या बाकावर फक्त ॲपची फाइल ठेवा.

फ्लॅश एन्क्रिप्शन लगेच लावून ठेवू का?

आधी डेव्हलपमेंट मोडमध्ये, तेही वाया गेला तरी चालेल अशा बोर्डावर. रिलीज मोडमध्ये ईफ्यूज जळतात आणि सिरियलवरून साधी बायनरी टाकायचा रस्ता बंद होतो. ओटीए नीट चालतं याची खात्री होण्याआधी ते लावलं तर हातात विटा उरतात.

वरूमच्या बोर्डावर जीपीआयओ ६ ते ११ बाहेर आणलेले दिसतात. वापरू का?

वरूमच्या, म्हणजे मूळ ईएसपी३२ मॉड्यूलच्या काही बोर्डांवर ते खरंच कडेला आणलेले असतात. ते फ्लॅशचेच पाय आहेत. एलईडीसुद्धा लावू नका.